आगाताच्या कापडावरचा डाग

टेबलक्लॉथवर वाईनचा थेंब पडला, की पाहुण्यानं घोट गिळायच्या आत माझी नीवेस आत्या मीठ घेऊन उभी.

"बस गं जरा, नीवेस," आई म्हणायची. "डाग काही पळून जात नाही."

"तेच तर दुखणं आहे ना, इरीदे. पळून जात नाही."

आई आणि आत्या, नात्यानं भावजय-नणंद. बोलोन्यात एकाच इमारतीत राहायच्या, आत्या खाली, आम्ही वर. बाबा होते तोवर दोघी त्यांच्यामार्फत भांडत. बाबा गेल्यावर मधला माणूसच गेला, तेव्हा थेट भांडू लागल्या. सकाळी रुसायच्या आणि दुपारी एकमेकींच्या पातेल्यात डोकवायच्या.

आत्यानं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर सांगायची, "एकजण होता. त्याच्या शर्टाची कॉलर कायम मळकी." लोक हसत. ती हसत नसे.

शाळा सुटल्यावर ती सारागोत्सा वेशीजवळ, कमानींखालच्या एका छापखान्यात लागली ती तिथंच राहिली. जुन्या चित्रांच्या प्रती काढायचा छापखाना तो. जाड सुती कागदावर, मूळ चित्राच्या रंगाशी रंग जुळवून काढलेल्या प्रती, भिंतीवर लावल्या तर दहा पावलांवरून फसगत व्हावी अशा. आमच्या गावात तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बायका चित्रं काढून विकत होत्या. एलिझाबेत्ता सिरानीनं तर मुलींना शिकवायला शाळाच काढली होती. त्या काळच्या बायकांच्या चित्रांची एक अख्खी भिंत छापखान्यात होती. कुणी तलवार उपसलेली, कुणी शत्रूला विहिरीत लोटणारी, कुणी स्वतःच्याच मांडीत सुरी खुपसून शांत बसलेली. मालक तुन्योली गिऱ्हाइकाला तिथं उभं करायचा आणि म्हणायचा, "बघा, या बाया पुरुषांची मुंडकी उडवतात आणि माझ्या पोरांची पोटं भरतात."

आत्याचं काम दोन भागांत. पहिलं रंग जुळवणं. चाचणीची प्रत घेऊन ती मूळ चित्रासमोर जायची, एकदा इकडे, एकदा तिकडे बघायची, आणि पुटपुटायची, "लाल जरा आजारी आहे." दुसरं काम साफसफाईचं. चित्राचा फोटो संगणकावर मोठा करून त्यातली धूळ, माशांचे ठिपके, भेगा, मेणबत्तीची काजळी पुसायची. पूर्वी हे ती बारीक कुंचल्यानं करायची, पुढे माऊसनं करू लागली. हात तोच. तिनं साफ केलेली प्रत पाहून संग्रहालयातली माणसंसुद्धा म्हणत, चित्र काढून झालं त्या दिवशी असंच दिसत असणार.

"मला त्या बाईच्या हाताशी पोचायचं असतं," आत्या मला एकदा म्हणाली होती. "मधे इतक्या लोकांनी इतकी घाण केलेली असते. ती बाजूला केली की ती भेटते."

ज्या वर्षी मे महिन्यात भूकंप झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. पिएव्हे हे आईचं माहेर, बोलोन्यापासून तासाभरावर, सपाट मैदानातलं गाव. तिथल्या चर्चची एक भिंत फाटली. आत संत आगाताचं जुनं चित्र होतं. सिरानीच्या शाळेत शिकलेल्या कुणा बाईनं काढलं असं गावात म्हणत. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आगाताचे स्तन कापून तिचा छळ केला, ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. बाकीचे चित्रकार ते कापलेले स्तन ताटात मांडून दाखवतात. या बाईनं तसलं काही काढलं नव्हतं. तिची आगाता पांढरं कापड स्वतःच्या छातीशी घट्ट धरून बसलेली होती आणि सरळ तुमच्याकडे बघत होती, काय बघताय, अशी. कापडाचं टोक खाली चौकटीपर्यंत लोंबत होतं.

चित्र दुरुस्तीसाठी सरकारी कोठारात गेलं. चर्चला टाळं लागलं, आणि मैदानात पत्र्याचा मांडव ठोकून तिथं प्रार्थना सुरू झाली. फादर सेव्हेरीनो तिथं नवीनच आलेले, तरुण, उत्साही, बूट कायम चिखलानं भरलेले. चित्राचा फोटो घेऊन ते छापखान्यात आले.

"बायांना आगाता पाहिजे," ते म्हणाले. "रिकाम्या भिंतीकडे बघून रडतात हो."

आत्या म्हणाली, "माझ्या भावजयीचं गाव आहे. मी करते. पैसे नकोत."

तुन्योलीनं छताकडे बघितलं. "बघा! मालक मी, दानशूर ही."

आत्यानं ते काम सणासारखं केलं. फोटोतलं पिवळं पडलेलं वॉर्निश उतरवलं, तर आगाताच्या गालावर चक्क थंडीतली लाली निघाली. भेगा बुजवल्या. माशांचे ठिपके काढले. आणि कापडाच्या खालच्या टोकाशी, हात पोचेल एवढ्या उंचीवर, एक तपकिरी, तेलकट, तळव्याएवढा डाग होता. तोही पुसला. खालून पांढऱ्याच्या सात-आठ छटा निघाल्या. आत्या वर येऊन आईला म्हणाली, "काय कापड रंगवलंय गं त्या बाईनं! इतकी वर्षं कुणाला दिसलंच नसेल."

आई पोळपाटावर पीठ लाटत होती. म्हणाली, "हं. मीठ दे."

आत्यानं जर तेव्हा विचारलं असतं, किंवा आईनं सांगितलं असतं. पण आत्याला डागाबद्दल विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं, आणि आईला कुणी डाग पुसेल हे सुचलं नव्हतं.

प्रत मांडवात लागली त्या दिवशी सारं गाव लोटलं. आई मागच्या रांगेत होती, तिला बायांच्या डोक्यांवरून फक्त आगाताचा चेहरा दिसला. ती रडली. आत्यानं तिच्या हातात रुमाल कोंबला. बाहेर दीर्चे आजी भेटल्या. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, कमरेत वाकलेल्या, जिभेनं ताठ.

"तू केलंस?" त्यांनी आत्याला विचारलं.

"हो, आजी."

"कागद आहे ना तो?"

"उत्तम सुती कागद आहे."

"म्हणजे कागदच," दीर्चे आजी म्हणाल्या आणि गेल्या. आत्याला वाटलं, म्हातारी किरकिरी आहे.

पुढच्या वसंतात आईच्या उजव्या स्तनात गाठ सापडली.

तपासण्या झाल्या, ऑपरेशनची तारीख ठरली, आणि आई अचानक एक दिवस पिएव्हेला निघून गेली, कुणाला न सांगता, बसनं. संध्याकाळी आली ती थेट आत्याच्या दारात. मी आवाज ऐकून खाली आले.

"कुठाय तो?" आई विचारत होती.

"कोण?"

"डाग! कापडावरचा डाग! कुठं केलास?"

आत्या हसली. खरंच हसली, कारण तिला अजून समजलंच नव्हतं. "अगं, तो? काजळी होती. पुसला."

आई दारातच खाली बसली.

मग ती बोलली. तुटक तुटक, आमच्याकडे न बघता. पिएव्हेच्या बायकांमध्ये एक रीत होती. छातीत गाठ लागली, दूध आटलं, अंगावर पिणारं मूल गेलं, की बाई एकटी चर्चमध्ये जायची. आठवड्याच्या मधल्या दिवशी, फादर नसताना. आगातासमोरच्या दिव्यातलं तेल अंगठ्याला लावायचं, तो अंगठा कापडाच्या टोकावर दाबायचा, मग स्वतःच्या छातीवर. बरं वाटलं की परत येऊन पुन्हा दाबायचा, आभार म्हणून. डाग तसा झाला होता. बाईनंतर बाई, आईनंतर मुलगी. कुठल्याच फादरला कधी कळू दिलं नव्हतं. पुरुषांना सांगायच्या गोष्टी आणि न सांगायच्या गोष्टी गावातल्या बाया वेगवेगळ्या फडताळांत ठेवतात.

"तू जन्मलीस तेव्हा मला दूध नव्हतं," आई मला म्हणाली. "आजी मला घेऊन गेली. माझा अंगठा आहे तिथं. होता."

"मला कधी बोलली नाहीस, इरीदे." आत्याचा आवाज बारीक झाला होता.

"तू शहरातली. हसली असतीस."

आत्यानं मान खाली घातली. म्हणजे, हसली असती.

दुसऱ्या दिवशी ती छापखान्यात गेली आणि जुना, न पुसलेला फोटो उघडला. डाग होता तसा होता. ती मोठा करत गेली. मोठा, आणखी मोठा. आणि कडेला, जिथं तेल पातळ झालं होतं, तिथं अर्धगोल दिसू लागले. नखांच्या कडा. लहान, मोठे, एकावर एक.

तुन्योली मागून डोकावला. "हे काय, कुणाचे अंगठे?"

"सगळ्यांचे."

"मग छाप परत. न पुसता. रंग तर तुझ्या हातात आहेत, दोन दिवसांत मांडवात लावू. त्यात रडायचं काय?"

तिनं ते केलं. डागासकट नवी प्रत काढून आईसमोर जेवणाच्या टेबलावर पसरली. इतकी हुबेहूब, की तेल बोटाला लागेल असं वाटावं. आईनं बोट फिरवलं. कागद गुळगुळीत.

"नीवेस, चित्रातल्या चुलीवर भात शिजतो का गं?"

"दिसायला तोच आहे—"

"दिसायला! मला काय बघायचाय तो? टेकायचाय." आईनं गुंडाळी करून ती तिच्या हातात दिली. "खरं चित्र कुठं आहे?"

"कोठारात."

"मला घेऊन चल. तुला सगळे ओळखतात तिथं. मी अंगठा लावते आणि मग झोपते त्यांच्या टेबलावर, चिरा म्हणते काय चिरायचं ते. पण आगाताला न भेटता नाही."

"आई, हा काय हट्ट?" मी म्हणाले. "गाठ थांबणार आहे का तुझ्या अंगठ्यासाठी?"

"तू गप. तुला अजून स्तन आहेत ते आपोआपच राहतील असं वाटतं." मग आवाज खाली आणून, "घाबरलेय मी, पोरी. मला कुणीतरी धरायला पाहिजे. माझ्या आईनं तिथं धरलं होतं."

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आईनं इस्पितळात फोन करून सांगितलं, तब्येत बरी नाही, तारीख पुढं ढकला. आम्हाला हे तिकडून उलटा फोन आला तेव्हा कळलं. दिलेल्या नव्या तारखेच्या पुढं मात्र ढकलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. आईनं "हो हो" केलं आणि फोन ठेवून मला म्हणाली, "मी जाणार नाही. सांगून ठेवते."

आत्या कोठारात गेली. एकटी. पर्समध्ये पिएव्हेच्या मांडवातल्या दिव्याचं तेल, औषधाच्या लहान बाटलीत भरलेलं. पुढचं मला तिनं नंतर सांगितलं, तसंच सांगते.

कोठार म्हणजे मोठी वखार. भूकंपातून वाचवलेल्या मूर्ती, क्रूस, चित्रं, सगळं चिठ्ठ्या लावून भिंतीला टेकवलेलं. दुरुस्ती करणारी बाई चष्मेवाली, बोलायला गोड. आत्याला ओळखतच होती.

"पिएव्हेची आगाता? या, या! बघाच तुम्ही."

आगाता टेबलावर आडवी होती. स्वच्छ. गालावर लाली, कापडावर पांढऱ्याच्या सात-आठ छटा.

आत्यानं विचारलं, "इथं एक डाग होता."

"हो ना, केवढा! दिव्याच्या तेलाचा थर. आम्ही जरा विचारात होतो, राहू द्यावा का म्हणून. तेवढ्यात फादरांनी छापील प्रतीचा फोटो पाठवला. लिहिलं होतं, गावात हीच लावलीय, सगळ्यांना फार आवडलीय. मग म्हटलं, गावालाच स्वच्छ हवंय तर आपण कशाला अडायचं? एका दुपारात निघाला." तिनं चष्मा वर सरकवला. "ती प्रत फार सुरेख आहे हो. कुणी केली?"

"मी."

"वाटलंच मला!"

आत्या म्हणते, ती बाई कौतुकानं बघत राहिली. आत्यानं विचारलं, मी हात लावू का? बाई हसली. "तुम्ही विचारताय हे? तुम्हीच?"

आत्या संध्याकाळी परतली. आई स्वयंपाकघरात होती, पिठाची पातळ पोळी लाटून त्याचे चौकोन कापत होती. मी कपात दूध ओतत होते. आत्या कोट न काढताच आत आली.

"भेटलीस?" आईनं सुरी खाली ठेवली.

"भेटले."

"डाग आहे?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. "आहे."

"काढणार नाहीत?"

"नाही. सांगून आलेय मी."

"मला सोडतील आत?"

"कुणालाच सोडत नाहीत. छत पडायची भीती. पण मी लावला तुझ्यासाठी अंगठा. तेल घेऊन गेले होते. तुझं नाव घेतलं, दाबला, आणि हातमोजे घालून आले, पुसू नये म्हणून." तिनं उजवा हातमोजा काढला. अंगठा खरंच तेलकट होता. "ये इकडे."

आई तशीच, हाताला पीठ लागलेली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. ब्लाउजची वरची बटणं तिनं स्वतःच सोडली. आत्यानं अंगठा टेकवला. आईनं डोळे मिटले. आत्याचे उघडे होते. मला तेव्हा वाटलं, ही प्रार्थना करतेय.

"दाब ना नीट," आई म्हणाली. "भिंतीवर बटण दाबतेयस का?"

आत्यानं दाबला.

आई नव्या तारखेला इस्पितळात गेली. झोपली. गाठ काढली, बाजूचंही काढलं. मग औषधांचे महिने आले. केस गेले, तेव्हा ती आरशात बघून म्हणाली, "आमचा दादा दिसतोय." आत्या रोज सूप घेऊन वर यायची. आई सगळ्यांना सांगायची, डॉक्टरांना, नर्सना, भाजीवालीला, "माझ्या नणंदेनं आगाताला जाऊन माझा अंगठा लावला. म्हणून उभी आहे मी." आत्या प्रत्येक वेळी काहीतरी उचलायला खाली वाकायची.

तिचं काम बिघडायला लागलं ते तेव्हापासून. तुन्योलीनं मला रस्त्यात गाठलं. "तुझ्या आत्याला झालंय काय? विहिरीवाली बाई दिली साफ करायला, आठवडाभर नुसती बघत बसली. माशीचा ठिपका, सरळ माशीचा ठिपका, आणि ही म्हणते, असेल कशाचा तरी. अगं, माशीचाच! मी चाळीस वर्षं माश्या ओळखतो."

मी आत्याला विचारलं. ती पायऱ्यांवर बसली होती. तेव्हा तिनं मला कोठाराची सगळी गोष्ट सांगितली. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"आता?"

"आता काय. बरी होतेय ना ती?"

"पण चित्र परत येईल, आत्या."

"येईल," ती म्हणाली. "कधीतरी येईलच."

आगाताचा सण फेब्रुवारीच्या पाचव्या तारखेला. पुढच्या सणाआधी चर्चची भिंत बांधून झाली आणि फादर सेव्हेरीनोंनी कळवलं, सणाच्या दिवशी चित्र घरी येतंय. आईचे केस तोवर बोटभर वाढले होते, करडे, कुरळे. तिनं निळा ड्रेस शिवून घेतला, एका बाजूला आत पॅड लावून.

"आभाराचा अंगठा राहिलाय माझा," ती म्हणाली. "तो न लावता मरायचं नाही आमच्यात. नीवेस, तू माझ्या शेजारी उभी राहायचं."

आत्यानं सांगायचा प्रयत्न केला. मी पाहिलंय. एकदा वाटाणे सोलताना म्हणाली, "इरीदे, साफसफाई करतात ना ते कोठारात, त्यात कधी कधी—" आई म्हणाली, "तू सांगून आलीस ना, हात लावू नका म्हणून?" आत्या म्हणाली, "हो." आणि वाटाणे सोलत राहिली. गाडीत बसल्यावर पुन्हा तोंड उघडलं, तर आई रेडिओबरोबर गात होती. किती महिन्यांनी गात होती.

बाहेर दाट धुकं. चर्चमध्ये चुन्याचा ओला वास. आधी प्रार्थना झाली, मग फादरांचं भाषण. ते आनंदानं फुलले होते. "बघा, काय स्वच्छ दिसतेय! जशी काढली तशी!" पुरुष टाळ्या वाजवून बाहेर वाईन प्यायला गेले. फादरही गेले, त्यांना ओढून नेलं. बाया थांबल्या. सणाच्या निमित्तानं कुणाला काही वाटणार नव्हतं. रांग आपोआप लागली आणि सगळ्यांनी आईला पुढं केलं. वर्षाची आजारी ती, मान तिचा.

आईनं दिव्यात अंगठा बुडवला. कापडाच्या टोकाकडे हात नेला. आणि थांबला तिथं.

मागून कुणीतरी म्हणालं, "काय झालं गं?"

आईचा अंगठा तसाच हवेत होता. तेल मनगटापर्यंत ओघळलं. ती चित्राकडे बघत होती. मग ती वळली.

"तू कशावर लावलास अंगठा?"

आत्या शेजारीच होती. "कशावरच नाही."

"म्हणजे?"

"तेव्हाच गेला होता तो. माझी प्रत बघूनच काढला त्यांनी. मी बाहेर येऊन बसमध्ये बाटलीतलं तेल लावलं."

"आणि मी झोपले टेबलावर."

"हो."

"सगळ्या गावाला सांगत फिरले मी."

"हो, इरीदे."

आई मारेल असं मला वाटलं. तिनं अंगठा स्वतःच्या नव्या निळ्या ड्रेसला पुसला, मला हाताला धरलं आणि बाहेर चालू लागली. मागं आवाज उठले. "डाग कुठाय? अगं, डाग पुसलाय!" आई दाराबाहेर गेली, मी मात्र हात सोडवून दाराशी मागं वळून पाहिलं. आत्या आमच्या मागं आली नव्हती. बायांकडे तोंड करून उभी होती, पाठीमागं ती स्वच्छ आगाता.

"मी पुसला," ती म्हणत होती. "आधी मी. मग त्यांनी. मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तर विचारायचं!" एकजण ओरडली. "माझी आई होती तिथं!"

"तिच्या हाताला खरूज लागो!"

दीर्चे आजी काठी टेकत पुढं आल्या, तशा बाकीच्या गप्प झाल्या. त्या ओरडल्या नाहीत.

"माझ्या लेकीनं, आन्जोलीनानं लावला होता," त्या म्हणाल्या. "एकदाच. आभाराचा लावायला ती आली नाही परत. बाकी तिचं माझ्याकडे काही राहिलं नाही, कपडे वाटून टाकले. मी दर बुधवारी जाऊन त्या डागावर हात ठेवत होते." त्यांनी आत्याचा उजवा हात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, जसा बाजारात मासा बघतात. "या हातानं?"

"या हातानं," आत्या म्हणाली.

आजींनी तो हात सोडला. तेवढंच. बाहेरून आईनं हाक मारली, मी निघाले आणि दार माझ्या मागं लागलं.

बाहेर धुक्यात आई गाडीला टेकून उभी राहिली. मी कोट तिच्या खांद्यावर टाकला. पुरुषांच्या घोळक्यातून फादर हात हलवत होते, "या ना, गरम वाईन आहे!" आईनं मान हलवून नको म्हटलं. ती एकदाच बोलली, "मी गेले नसते. तिनं खरं सांगितलं असतं तर मी गेले नसते. तुला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे. म्हणून तर जास्त राग येतो."

बऱ्याच वेळानं आत्या आली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. गाडीपासून दोन हातांवर थांबली.

"सांगितलंस त्यांना?" आईनं विचारलं.

"सांगितलं."

"दीर्चेला?"

"तीही होती."

"काय म्हणाली?"

आत्यानं उजवा हात कोटाच्या खिशात घातला. आईनं पुन्हा विचारलं नाही. गाडीचं दार उघडून ती पुढं बसली आणि पट्टा लावायला लागली, तो त्या बाजूनं छातीला काचत होता, म्हणून नेहमीसारखी आत्या वाकली आणि पट्ट्याखाली आपला रुमाल सरकवायला गेली. आईनं तिचा हात बाजूला केला. रुमाल मात्र ठेवून घेतला.

"पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे," ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली.

"येऊ?"

"ये. बाहेर बाकड्यावर बस. पण डॉक्टर काय सांगतो ते माझ्या कानांनी ऐकणार मी. बरं असो, वाईट असो. तुझ्या तोंडून मला काही नको."

"बरं," आत्या म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.